विंडलास नुसता ‘टक’ करतो, नांगर काही वर येत नाही – मोटर गेली का?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. इथे सगळे गाड्या, इन्व्हर्टर आणि सोलरवाले आहेत हे माहीत आहे, पण बडोद्यात राहून बोटीचं विचारायचं तर कुणाला विचारू, म्हणून इथेच टाकतोय. हसायचं असेल तर हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

मी आणि मेहुणा मिळून पाण्याची खोली मोजायची छोटी सर्व्हेची कामं घेतो. १० मीटरची फायबरची लाँच आहे, सेकंडहँड घेतलेली, असते दहेजला. पुढे नाकावर नांगर ओढायचा विंडलास आहे, १२ व्होल्ट १००० वॅट, आडवा, एका बाजूला चेनचं चाक आणि दुसऱ्या बाजूला दोरीचा ड्रम. नांगर २० किलोचा, चेन ८ एमएम, ६० मीटर. बॅटरी मागे इंजिनाजवळ, तिथून पुढे ९ मीटर केबल, १६ स्क्वेअर एमएम.

आता त्रास ऐका. ‘खाली’चं बटण दाबलं की झक्कास चालतो. ‘वर’चं दाबलं की खालून टक असा आवाज येतो आणि पुढे काही नाही, किंवा चालला तर म्हातारा जिना चढतोय असा, अर्धा मीटर चेन येते आणि बंद. पाच-दहा मिनिटं थांबलं की परत थोडा चालतो. त्यात मध्येमध्ये चेन चाकावरून उडते, खाडकन आवाज करून सरळ दोन-तीन कड्या खाली सटकतात, तेव्हा काळजात धस्स होतं.

गेल्या उधाणाला हद्द झाली. काम संपलं, ओहोटी जोरात लागलेली, आणि हा ढिम्म. मग मी, मेहुणा आणि खलाशी असे तिघांनी मिळून हाताने चेन ओढली, पाऊण तास. माझ्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली, आठवडाभर भाकरी मोडता येत नव्हती, चमच्याने जेवलो.

बॅटरीवाल्याने बॅटरी गेली म्हणून नवीन गळ्यात मारली, काही फरक नाही. मग मोटर काढून इथे एका वाइंडिंगवाल्याला दाखवली, त्याने वास घेतला (खरंच वास घेतला) आणि म्हणाला जळालीये, रिवाइंड करावी लागेल. मी हो म्हटलं नाही, मोटर परत बसवली. मेहुण्याचं म्हणणं नवीन विंडलासच घेऊ. किंमत बघितली आणि मेहुण्याकडेही बघितलं.

सुरुवात कुठून करू?

सेवउसळ

इंजिन चालू ठेवून ओढता का बंद करून? माझा बोटीशी संबंध सुरसागर तळ्यापर्यंतच, पण जीपला विंच लावली होती तेव्हा हेच झालेलं, इंजिन बंद ठेवून ओढायला गेलो आणि बॅटरी मान टाकायची.

मांजलपूरकर

इंजिन चालू असतं राव, एवढं कळतं. थोडी रेसही देतो.

जुना ईटीओ

मी मालवाहू जहाजांवर २८ वर्षं इलेक्ट्रिकलला होतो, आता कारेलीबागेत घरच्यांचे फ्यूज बदलतो. तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं, बडोद्यात कुणीतरी विंडलास म्हणालं.

पहिली गोष्ट, मोटर कुणालाही रिवाइंडला देऊ नका. वासावर मोटर जळाली म्हणणाऱ्याकडे तर नाहीच. ‘खाली’ झक्कास चालतो म्हणता ना, मग मोटर तीच आहे, गिअर तोच आहे, बॅटरी तीच आहे. फक्त दिशा बदलली. आता नांगर खाली जाताना वजनाची मदत असते त्यामुळे ‘खाली’ नेहमीच सोपं वाटतं, त्यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण संशय कुठे घ्यायचा ते कळतं.

आणि टक वाजतंय, म्हणजे अर्धी शोधाशोध वाचली. बटण, बारीक वायर, तिचा फ्यूज आणि सोलेनॉइडची (बटण दाबलं की मोटरची जाड वायर जोडणारा चुंबकी स्विच) कॉइल, हे सगळं ठीक आहे. टक वाजलंच नसतं तर तिथे बघायला लागलं असतं. टक म्हणजे आतला प्लंजर सरकला. पण सरकून तांब्याचे जे दोन जाड काँटॅक्ट तो जोडतो, ते जळून काळे झाले असतील तर जोडूनही न जोडल्यासारखंच. तुमच्या बॉक्समध्ये बहुतेक ‘वर’ आणि ‘खाली’ला वेगवेगळे काँटॅक्ट आहेत. ‘वर’वाले जास्त मार खातात कारण सगळा लोड त्यांच्यावर.

अंदाज पुरे, मीटर लावा. पण बॅटरीवर नुसता लावून १२.६ आले म्हणून खूश होऊ नका, बिनलोडचं व्होल्टेज म्हणजे लग्नातलं स्थळ, सगळं छानच दिसतं. विंडलास ओढत असताना मोजायचं. नांगर तळाला, चेन लटकलेली, इंजिन चालू, एक जण ‘वर’ दाबून धरतो (सलग दहा-पंधरा सेकंदच, जास्त नको) आणि दुसरा मोजतो. हे पाच आकडे मला आणून द्या:

एक, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. दोन, बॅटरीच्या प्लसपासून सोलेनॉइडच्या इनपुट बोल्टपर्यंत, म्हणजे लाल प्रोब इकडे काळा तिकडे, मधल्या वायरीत किती व्होल्ट सांडतात ते. तीन, सोलेनॉइडच्या इनपुट बोल्टपासून आउटपुट बोल्टपर्यंत, हा एकदा ‘वर’ला आणि एकदा ‘खाली’ला. चार, मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. पाच, थेट मोटरच्या दोन टर्मिनलवर.

प्रोब लांब पडेल, वायरीचा तुकडा जोडून लांबवा, मीटरमध्ये करंट जवळजवळ जात नाही त्यामुळे बारीक वायर चालते. क्लँप मीटर मिळाला तर करंटही घ्या, पण डीसी मोजणारा हवा, साधा एसीवाला काही दाखवणार नाही. आणि हाताने काहीही उघडायच्या आधी बॅटरीचा मेन स्विच बंद. चेन आणि चाकाच्या मध्ये बोट गेलं तर ते बोट परत मिळत नाही, मी बघितलेलं आहे.

उधाणभरती (हर्णै)

ईटीओ साहेब विजेचं सांगतील, मी दुसरं बोलतो. आमची तीन पिढ्यांची मच्छीमारी, आता माझी छोटी प्रवासी लाँच आहे.

भाऊ तुम्ही विंडलासने नांगर ओढत नव्हतात, बोट ओढत होतात. हिशेब करा ना. ८ एमएम चेन मीटरला दीड किलोच्या आतच भरते. पाणी १० मीटर असलं तर लटकलेली चेन १४-१५ किलो, अधिक नांगर २०, झाले ३५. एवढ्याला १००० वॅटची मशीन हसत उचलते. पण ओहोटीचा चार-पाच नॉटचा करंट, त्यात दहा मीटरची लाँच उलटी लटकलेली, ती सगळी ओढ त्या चाकावर येते. मग ते बिचारं बसेल नाहीतर काय करेल.

नांगर काढायची रीत अशी. इंजिन हळू पुढे टाकायचं, नाळेवर, म्हणजे बोटीच्या नाकावर, उभा असलेला माणूस हाताने दाखवतो चेन कुठल्या दिशेला चाललीय, बोट त्या दिशेला जाते आणि चेन सैल पडते, तेवढीच विंडलासने गोळा करायची. परत ताणली, थांबायचं. परत इंजिन. शेवटी चेन उभी सरळ खाली गेली की मग नांगर सोडवायचा. चिखलात रुतला असेल तर विंडलासने उपटायचा नाही, चेन स्टॉपरला किंवा खुंटाला अडकवायची आणि इंजिनाने बोट थोडी पुढे नेऊन नांगर चिखलातून सोडवून काढायचा, सुटला की मग मशीन.

एक गोष्ट मात्र खंभातच्या आखातात विसरू नका. आमच्याकडे पाणी उधाणालाही त्यामानाने कमीच वर-खाली होतं, तुमच्याकडे भावनगरच्या बाजूला ते दहाच्या पुढे जातं. भरती चढत असताना चेन उभी करून स्टॉपरला घट्ट बांधली आणि माणसं चहाला बसली, तर मधल्या तासांत पाणी तासाला दोन मीटर चढतं आणि नांगर सुटला नाही तर नाळ खाली ओढली जाते. बांधलं की तिथेच उभं राहायचं.

आणि शक्यतो भरती पुरी होऊन पाणी थोडा वेळ उभं राहतं ना, त्या वेळेत नांगर काढा. घड्याळ बघून काम संपवा, काम संपल्यावर घड्याळ बघू नका. कामावर उभे असताना पण चेनची ओढ विंडलासवर ठेवता की काय? दोरीचा स्नबर लावून ओढ खुंटावर घ्या. मशीन उचलायला आहे, बोट धरून ठेवायला नाही.

मांजलपूरकर

काका, स्नबर लावत नाही, खोटं कशाला बोलू. ओढ सगळी विंडलासवरच असते. शनिवारी जातोय, आकडे आणतो.

कम्युटेटर

प्रतापनगरला माझं वाइंडिंगचं दुकान आहे, वास घेणारा तो मी नाही हे आधी सांगतो.

ही १२ व्होल्टची छोटी मोटर बहुतेक परमनंट मॅग्नेट असते, म्हणजे बॉडीच्या आतून चुंबक चिकटवलेले. फील्डचं वाइंडिंगच नाही तर रिवाइंड काय करणार, फक्त आर्मेचरचं, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाचं. आणि आर्मेचर जळलं असतं तर ‘खाली’ पण झटके देत चालली असती. तुमची बंद-चालू करते त्याला ब्रशही कारण असू शकतं. ब्रश झिजून छोटे झाले किंवा कार्बनची पूड आणि खारी हवा मिळून होल्डरमध्ये अडकले की स्प्रिंग दाबत नाही. लोक काय करतात, वरून हातोडीची एक ठेवून देतात आणि मोटर चालते! तेवढ्यापुरती चालते बराबर, पण चुंबक फुटतो किंवा सुटतो, आणि मग खरोखर नवीन मोटर. हातोडी घरी ठेवून जा.

उघडलीत तर बघा: ब्रश होल्डरमध्ये बोटाने मागेपुढे मोकळे सरकतात का, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी) चॉकलेटी तकतकीत आहे का काळा खडबडीत, दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचा कार्बनने भरल्यात का, आणि बॉडी आतून गंजलीय का. गंज फुगला की चुंबक ढकलून सुटा करतो, हे समुद्रावरच्या मोटरीत मी दोनदा बघितलंय. पूड ब्रशने झाडा, फुंकर मारू नका, तोंडात जाते. इकडे आलात की मोटर दुकानात आणा, ग्राउलरवर (आर्मेचर तपासायचं यंत्र) लावून दोन मिनिटांत सांगतो. पैसे नको, दहेजच्या बोटीची मोटर बघायला कधी मिळते.

सेवउसळ

मधेच विचारतो, सोलेनॉइडच्या जागी ट्रॅक्टरच्या स्टार्टरचं लावलं तर? खंडेराव मार्केटमागे ढिगाने मिळतात.

जुना ईटीओ

स्टार्टरचं सोलेनॉइड काही सेकंदांसाठी बनवलेलं असतं, इंजिन चालू झालं की त्याचं काम संपलं. विंडलास एकेक मिनिट चालतो, कॉइल तापते. शिवाय इथे मोटर दोन्ही दिशांना फिरवायची आहे, एकाने भागत नाही. त्यापेक्षा तुमच्या जीपच्या विंचला जो उलट-सुलट फिरवायचा कंट्रोल बॉक्स असतो तो जास्त जवळचा, फक्त करंटचं रेटिंग बघून घ्या आणि पाणी लागणार नाही अशा जागी आत लावा. चेनच्या खणात नको, तिथे वर्षभर खारा दमटपणा असतो, तुमचं सध्याचं तिथेच असणार.

मांजलपूरकर

जाऊन आलो!! साहेब तुम्ही बोटीवर आला होता का गुपचूप? बॉक्स चेनच्या खणातच आहे.

आकडे: ‘वर’ दाबून, करंट ९० अँपिअरच्या आसपास. बॅटरीवर १२.५. प्लस केबलमध्ये ०.९ सांडतात. सोलेनॉइडमध्ये ‘वर’ला १.९ आणि ‘खाली’ला ०.१. मायनसच्या बाजूला १.१. मोटरवर ८.६.

जुना ईटीओ

बेरीज करा, ०.९ अधिक १.९ अधिक १.१, झाले ३.९. साडेबारातून गेले, उरले ८.६. आकडे जुळतात, म्हणजे मोजमाप बरोबर आहे आणि चोर सापडला.

सोलेनॉइडमध्ये १.९ व्होल्ट आणि ९० अँपिअर म्हणजे १७० वॅट उष्णता, काडेपेटीएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, तशा सहा-सात आयर्न एकत्र ठेवल्यासारखं. काँटॅक्ट तापतात, अजून जळतात, कॉइलही तापून तिची ओढ कमी होते, म्हणून बंद. पाच मिनिटांनी गार झालं की परत चालतं. ते ‘थांबलं की चालतो’ हेच. आणि या मोटरीत करंट लोडवर ठरतो पण वेग व्होल्टेजवर, म्हणून ८.६ वर म्हातारा जिना चढतो.

केबल बघू. १६ स्क्वेअरची ९ मीटर तांब्याची केबल, ९० अँपिअरला हिशेबानेच जवळपास ०.९ व्होल्ट पडतात. म्हणजे प्लसची केबल निर्दोष आहे, नुसती बारीक आहे. मायनसची लांबी तेवढीच असून १.१ का? वरचे ०.२ कुठल्यातरी लगमध्ये (केबलच्या टोकाला दाबलेली बोल्टची कडी) आहेत, हात लावून बघा कुठला गरम लागतो. आणि दोन्ही केबल ३५ स्क्वेअरच्या करा, जाताना-येताना मिळून दोनाऐवजी ०.८ व्होल्ट पडतील. कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, साधं तांबं समुद्रावर आतून हिरवं होतं. लग हायड्रॉलिक क्रिंपने दाबून वर ग्लूवाली स्लीव्ह. ब्रेकर बॅटरीच्या जवळ आहे ना? पुढे विंडलासजवळ असेल तर मधली ९ मीटर केबल उघड्यावर पडलीय असं समजा, शॉर्ट झाली तर आग.

उधाणभरती (हर्णै)

आणि ती चेन उडते त्याचं काय झालं? वीज नीट झाली की मशीन जोरात ओढणार आणि चेन अजून उडणार.

मांजलपूरकर

हो काका तेही लक्षात होतं. आधी वाटलं चाकाचे खाचे झिजले. मग दिसलं की आमच्या आखातातला तो राखाडी चिखल कड्यांमध्ये आणि चाकाच्या खाचांत साबणासारखा घट्ट बसतो, कडी खाचेत बसतच नाही, वरवर तरंगते. बादलीने धुऊन धुऊन घेतली तर बरीच कमी उडाली. पण काही ठिकाणी तरीही उडायची, आणि मेहुण्याने (पहिल्यांदाच काहीतरी कामाचं) बघितलं की उडते ती दरवेळी नांगराकडच्या तुकड्यातच.

जुना ईटीओ

तो तुकडा नंतर जोडलेला आहे का? विंडलासची चेन कॅलिब्रेटेड शॉर्ट लिंक, म्हणजे नेमक्या मापाच्या आखूड कड्यांची लागते. दहा कड्या सरळ ताणून आतल्या मापाने पिच, म्हणजे कडीची आतली लांबी, मोजा. ८ एमएमला एका कडीचा पिच २४ एमएम, म्हणजे दहाचे २४०. तुमचं नशीब की ८ एमएमला दोन्ही मानकांत २४च आहे, १० एमएमला डिनची (जर्मन मानक) चेन २८ आणि आयएसओची (आंतरराष्ट्रीय मानक) ३०, तिथे लोक चाक एकाचं आणि चेन दुसऱ्याची घेऊन बसतात.

मांजलपूरकर

साहेब पायावर डोकं. मोजली. मूळ ४५ मीटर, दहा कड्या २४१. पुढचे १५ मीटर, दहा कड्या २५२!! आधीच्या मालकाने हार्डवेअरच्या दुकानातून साधी गॅल्व्हनाइज्ड चेन घेऊन शॅकलने (पिनवाली लोखंडी कडी) जोडलेली, तो शॅकलही चाकातून जाताना अडकायचा, आम्ही स्क्रूड्रायव्हरने ढकलून काढायचो आणि हे असंच असतं म्हणून गप्प बसायचो.

उधाणभरती (हर्णै)

अरे बापरे, नांगराच्या तोंडाशी अनोळखी चेन? जिथे सगळ्यात जास्त मार बसतो तिथे. काढून टाका आजच. आणि ४५ मीटर पुरणार नाही हे पण ऐका. ओहोटीला ४ मीटर पाणी असलं तरी भरतीचे ८ मिळवा, नाळ पाण्यावर दीड मीटर, झाले साडेतेरा, पाचपट सोडायची तर ६७ मीटर. तुमचे ६० होते तेच कमी होते. ७५ची एकसंध घ्या. आणि चेनचं शेवटचं टोक बोटीला शॅकलने जखडू नका, दोरीने बांधा, दोरी एवढी लांब की डेकवर येईल. वेळ आली तर सुरीने कापून, बोया बांधून सोडून देता आली पाहिजे.

कम्युटेटर

मोटर आणणार होता ना?

मांजलपूरकर

आणली की, तुमच्या मुलाकडे देऊन आलो, तुम्ही जेवायला गेला होता.

सगळ्यांसाठी शेवटचा हिशेब देतो. सोलेनॉइडचा बॉक्स उघडला, ‘वर’चे काँटॅक्ट म्हणजे चुलीतून काढलेल्या नाण्यासारखे, एकावर खड्डा पडलेला. नवीन बॉक्स केबिनमध्ये आत लावला. मायनसचा जो लग गरम लागत होता तो ओढला तर हातातच आला, क्रिंप नव्हताच, हातोडीने ठोकून चपटा केलेला. ३५ची केबल टाकली. मोटरचा एक ब्रश खरंच अडकलेला निघाला, कम्युटेटरभाईंनी साफ करून दिला, पैसे घेतले नाहीत, मग मीच दुकानात भाकरवडी ठेवून आलो. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी शिरलेलं, सील बदलून मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते ९० नंबरचं भरलं. क्लचचे कोन कोरडे ठणठणीत होते, नट तर पाईप लावून सोडवावा लागला, पुसून ग्रीसचा हात फिरवला.

काल ओढून बघितलं. मोटरवर ११.३ व्होल्ट, नांगर सरसर वर. मेहुणा म्हणे एवढ्या लवकर आला म्हणजे तुटला की काय, वाकून बघायला लागला. स्नबरही लावला काका, शपथ.

७५ मीटरची चेन मागवलीय. जुना १५ मीटरचा तुकडा सासूबाईंनी बघितला आणि धुऊन ठेवायला सांगितला, त्यांच्या हिंचक्याची एक बाजू गंजलीय.

सेवउसळ

हिंचक्याला पिच लागत नाही ना, बरं.